अमझेऱ्याचा मोह

रंगपंचमीची गेर बघायला यंदा माझा भाचा तूरीनहून इंदूरला आला, तो एकटा आला नाही. बरोबर त्याचा सार्डिनियाचा मित्र होता. या मुलाने आल्या आल्या बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली काढली आणि दोन्ही हातांनी, देवाचा प्रसाद द्यावा तशी माझ्या हातात दिली. बिअर होती. आमच्या घरात बिअरची बाटली सगळ्यांसमोर डायनिंग टेबलावर ठेवली गेल्याची ही पहिलीच वेळ. सासूबाईंनी ती सरबत समजून फ्रिजमध्ये ठेवायला सांगितली आणि कोणीही त्यांची चूक सुधारली नाही.

बिअरचं नाव इक्नूसा. हे सार्डिनिया बेटाचं जुनं ग्रीक नाव. बेटाचा आकार पावलाच्या ठशासारखा, म्हणून. 1912 साली काल्यारी या गावात ही बिअर सुरू झाली. मालकी आता हेनिकेन या परदेशी कंपनीची, पण पठ्ठ्या सांगत होता असं की जणू घरच्या विहिरीचं पाणी. लेबलवर चार माणसांची डोकी होती. मी विचारलं, ही कोण? तर म्हणाला, हे आमच्या झेंड्यावरचं चिन्ह. मुळात आमच्यावर राज्य करणाऱ्या आरागॉनच्या राजांचं. आम्ही ते आपलं करून टाकलं. कित्येक वर्षं झेंड्यावर या चौघांच्या डोळ्यांवर पट्टी असायची, 1999 साली आमच्या प्रांताने कायदा करून ती कपाळावर नेली. आता त्यांना दिसतं.

एवढं सांगून झाल्यावर त्याने साहजिकच विचारलं, "तुमच्या इथलं काय?"

आमचे हे म्हणाले, शिकंजी. भाचा हसला. तो म्हणाला, "मावशी, तू अमझेऱ्याची ना? मोहाची सांग की त्याला."

"ती गावठी," मी पटकन म्हणून गेले. आणि मग बराच वेळ माझं मलाच ते खटकत राहिलं. साता समुद्रापलीकडची गावठी टेबलावर आणि आपली गावठी तोंडात घ्यायलाही नको!

मी अमझेऱ्याची नाही, पण माझ्या लहानपणीची तीन वर्षं तिथे गेली. बाबा शाळेत मास्तर होते आणि 1974 मध्ये त्यांची तिथे बदली झाली. आमच्याकडे भांड्याला एक भिल्ल बाई यायच्या. मार्च-एप्रिलमध्ये त्या भल्या पहाटे मोहाची फुलं वेचून तशीच टोपली घेऊन कामाला यायच्या. टोपली अंगणाबाहेर, कुंपणाला टेकवून ठेवायची असा आईचा दंडक होता. "दारूचं फूल घरात नको." मी एकदा चोरून त्यातली चार फुलं खाल्ली. गोड, गरगरीत, द्राक्षासारखी, पण वास मात्र असा की लपवता येत नाही. आईने तोंडाचा वास घेतला आणि पाठीत धपाटा घातला. त्या बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टोपली आणणं बंद केलं. पुढे तीन वर्षांत कधीही आणली नाही.

तर ठरलं, की पाहुण्याला अमझेऱ्याला न्यायचं.

मोहाची फुलं रात्री आणि पहाटे गळतात, म्हणून साडेचारलाच निघालो. धार अंधारातच मागे पडलं. दुसरा बाजीराव धारच्या किल्ल्यात जन्मला वगैरे माहिती मी देत होते, मागच्या सीटवर दोघेही घोरत होते. अमझेरा आलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. गावाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला शेताच्या बांधावर मोहाची चार-पाच मोठी झाडं दिसली आणि मी गाडी थांबवायला लावली.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मोह या दिवसांत जवळजवळ निष्पर्ण असतो. फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके असतात आणि त्यातून फिकट पिवळसर, मांसल फुलं एकेक करून टप टप पडत असतात. पारिजातकासारखं हलकं पडणं नाही, अगदी आवाज येतो. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून किंवा झाडून जमीन साफ केलेली असते, म्हणजे फूल मातीत हरवत नाही. एक आजी, त्यांची सून आणि दोन नातवंडं वेचत होती. थोड्या अंतरावर आजोबा बाजेवर बसून गुरांना हुसकत होते, कारण गुरांनाही ही फुलं फार आवडतात.

झाड कोणाचं, असं पाहुण्याने विचारलं. मला वाटलं होतं, ज्याचं शेत त्याचं झाड. तसं नव्हतं. आजोबांनी काठीने दाखवलं: हे माझं, ते मोठ्या भावाचं, पलीकडचं दोघांत. जमीन वाटली तशी झाडंही वाटलेली. मुलीच्या लग्नात, आजारपणात, नापिकीच्या वर्षी झाडच उपयोगी पडतं. वाळलेली फुलं साठवून ठेवायची, बाजारात विकायची, भाजून खायची. पुढे फळं येतात, त्यांच्या बियांचं तेल निघतं. आणि हो, दारूही. पण मी लहानपणापासून ऐकत आले होते तशी ती पहिली नव्हे, यादीतली एक.

ती कशी करतात हे विचारायला मला संकोच वाटत होता. आजींना मुळीच वाटला नाही. वाळलेली फुलं पाण्यात भिजत घालायची. हवेवर अवलंबून, उन्हाळ्यात चार-पाच दिवस, थंडीत जास्त. फुलातच इतकी साखर असते की आंबायला वेगळं काही लागत नाही. गूळ घालतात ते घाई असलेले लोक, असं त्या जरा नाक मुरडूनच म्हणाल्या. मग हंडा चुलीवर, वरती गार पाण्याचं भांडं, आणि वाफ थंड होऊन नळीतून थेंब थेंब दुसऱ्या मडक्यात. पहिली धार सगळ्यात कडक. आणि ती तयार झाली की आधी प्यायची नाही. थोडी जमिनीवर सांडायची, देवाच्या नावाने आणि गेलेल्या माणसांच्या नावाने. याला ते "धार देणं" म्हणतात. जन्म, लग्न, मरण, नवीन पीक, कुठलंही काम धार दिल्याशिवाय होत नाही. भाच्याने हे इटालियनमध्ये सांगितलं तेव्हा पाहुणा एकदम गप्प झाला. त्याच्या इक्नूसाला शंभराहून जास्त वर्षं झाली आहेत, पण ती कोणी पितरांना देत नाही.

आता थोडं कायद्याचं, कारण "गावठी" हा शब्द आपल्या तोंडात कसा बसला ते त्याशिवाय कळत नाही. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात 1878 साली अबकारी कायदा आला. घरोघरी गाळली जाणारी दारू बंद करून ठेकेदाराच्या भट्टीची, कर भरलेली दारू विकायची, हा त्यातला हिशोब. सरकारला महसूल हवा होता. पण ज्याच्या अंगणात झाड आहे तो विकत कशाला घेईल? म्हणून 1892 साली खास मोहाच्या फुलांसाठीच वेगळा कायदा केला. दारूवर नाही, फुलावर! जे झाडाखाली आपोआप पडतं ते वेचून घरी साठवणं हाही गुन्हा होऊ शकला. महाराष्ट्रात मोहफुलांवरची बंधनं सैल व्हायला 2021 साल उजाडावं लागलं. इकडे मध्य प्रदेशात अनुसूचित भागातल्या आदिवासींना घरच्या वापरापुरती, ठरलेल्या मर्यादेत दारू गाळायची सूट आहे. विकायची मात्र नाही.

गोव्याने हे आपल्याआधी केलं. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा-पेय ठरवलं. त्यानंतर कोणी फेणीला गावठी म्हणत नाही, उलट भेट म्हणून आणतात. आपल्या राज्यातही 2022 च्या सुमारास मोहाच्या दारूला "हेरिटेज मद्य" म्हणायचं ठरलं आणि ती बनवायचा अधिकार आदिवासी बचत गटांना दिला गेला. अलीराजपूरकडच्या गटाची "मोंड" आणि दिंडोरीकडची "मोहुलो", अशा दोन नावांनी ती बाटलीत आली. लेबल, बूच, सगळं नीट. इंदूरला परत आल्यावर मी मुद्दाम तिचा फोटो शोधून पाहिला, छान दिसते.

मी मोठ्या उत्साहाने आजोबांना सांगितलं, बघा, आता तुमच्या मोहाला मान मिळाला.

"वो हमारी नहीं है," आजोबा म्हणाले. "वो तो आलीराजपुर की है."

मला हसू आलं, पण ते गंभीर होते. अलीराजपूर तिथून काही फार लांब नाही. पण तिथली माती वेगळी, फूल वेगळं, पाणी वेगळं. इतकंच कशाला, समोरच्या दोन झाडांची चवही सारखी नसते, असं त्यांचं म्हणणं. पाहुण्याने हे ऐकलं आणि आनंदाने माझा हातच धरला. काल्यारीचा माणूस सासारीच्या माणसाबद्दल हुबेहूब असंच बोलतो म्हणे.

आजींचा मुद्दा निराळा होता. बाटलीतली विकली तर चालते, मग माझ्या मडक्यातली हाटात नेली तर मला का पकडतात? फूल तेच, आणि हात तर माझेच जुने. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाच्याने परवाना, तपासणी, विषारी दारूचा धोका असं काही समजावून सांगितलं. ते खोटं नाही. आजींनी ऐकून घेतलं आणि पुन्हा वेचायला लागल्या.

मुलांनो, मी दारूची भलामण करते आहे असं कृपा करून समजू नका. मी स्वतः घेत नाही, आणि दारूने उद्ध्वस्त झालेली घरं मी आपल्या नात्यातही पाहिली आहेत, तिथे गावठी नव्हती, चांगली महागडी होती. झाबुआ-अलीराजपूरकडे तर आदिवासी समाजानेच "डी-थ्री" नावाची मोहीम काढली आहे: दहेज, दारू आणि डीजे यांना आवर घालायचा. ज्यांच्या पितरांना धार दिली जाते तेच लोक लग्नातल्या दारूला मर्यादा घालतात. सूनबाई म्हणाल्या, त्यांच्या फळियातही असं ठरलं आहे. देवापुरती ठेवायची.

ऊन चढल्यावर गावात गेलो. अमका-झमका देवीचं मंदिर पाहिलं. रुक्मिणीहरण इथेच झालं, हेच कुंदनपूर, असं अमझेऱ्याचे लोक सांगतात. आमच्या विदर्भातल्या मंडळींनी कौंडिण्यपूर सोडून हे ऐकून घ्यावं, वाद घालू नये. मग दाल-पानिये खाल्ले.

आपल्या मंडळाच्या सहली इथे येतात त्या 29 नोव्हेंबर 1728 साठी. चिमाजी अप्पांची फौज मांडूचा घाट चढून वर आली आणि अमझेऱ्याजवळ माळव्याचा मुघल सुभेदार गिरधरबहादूर आणि त्याचा नातलग दयाबहादूर दोघेही लढाईत पडले. बरोबर उदाजी पवार, मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे होते. धार, देवास, इंदूर, ग्वाल्हेर ही सगळी आपली घराणी माळव्यात स्थिरावली, त्याची वाट इथून मोकळी झाली. माझ्या-तुमच्या पणजोबांना इकडे नोकऱ्या मिळाल्या त्याही त्यामुळेच. मी हे सांगताना नेहमीप्रमाणे माझा आवाज चढला.

पाहुण्याने शांतपणे विचारलं, "आणि ते सकाळचे लोक कोणाच्या बाजूने होते?"

अमझेऱ्याचे राठोड राजे बख्तावरसिंह 1857 मध्ये इंग्रजांविरुद्ध उभे राहिले, 10 फेब्रुवारी 1858 ला त्यांना इंदुरात फाशी झाली, पुढे अमझेरा शिंद्यांकडे गेलं, हे मला तारखेसह पाठ होतं. याचं उत्तर पाठ नव्हतं. मी तसं सांगितलं.

निघताना पुन्हा त्याच झाडांपाशी थांबलो. आजींनी जुन्या ओढणीच्या तुकड्यात बांधून मागच्या वर्षीची वाळलेली फुलं दिली, मनुकांसारखी तपकिरी झालेली. पैसे द्यायला गेले तर पाव किलोचे घेतले आणि वर दोन मुठी घातल्या. मी त्यांना भांड्याला येणाऱ्या त्या बाईंचं नाव सांगितलं. त्या ओळखत नव्हत्या. पन्नास वर्षं झाली, ओळखणार कशा?

पिशवी या वेळी कुंपणाला टेकवली नाही. सरळ स्वयंपाकघरात आणली. फुलं मंद आचेवर तुपात परतली, भाजलेल्या तिळाबरोबर कुटली आणि लाडू वळले. गूळ लागलाच नाही. पाडव्याला मंडळाच्या कार्यक्रमात डबा फिरवला तेव्हा एका आजींनी लाडू हातात घेऊन वास घेतला आणि संशयाने माझ्याकडे पाहिलं. "काळ्या मनुका का गं?"

"आधी खा तर," मी म्हटलं. त्यांनी दोन खाल्ले.