नुकसान झाकू नये

व्यापारी घराला नुकसान नवीन नसते. भाव पडतात, माल भिजतो, उधारी थकते; अशा रकमा अखेरीस बुडीत खाती लिहून आपण पुढच्या सौद्याला लागतो. त्याविषयी बाजारात मोकळेपणाने बोललेही जाते. फसवणुकीने गेलेल्या पैशाविषयी मात्र घराघरांत मौन पाळले जाते. ‘अमुक शेटजींना कुणीतरी गंडवले’ ही वार्ता पेठेत पसरली तर पेढीची पत उणावेल, वडीलधाऱ्यांचे हसे होईल, ही भीती त्या मौनामागे असते. बँकेच्या कार्डावरून होणाऱ्या चोरीत हे मौन किती महाग पडू शकते, याचा अनुभव आमच्या कुटुंबाने घेतला आहे. तो इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून हे लिहीत आहे.

सन 2018 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर पडलेला दरोडा पुष्कळांना आठवत असेल. 11 आणि 13 ऑगस्ट या दोन दिवसांत बँकेचे 94 कोटी 42 लाख रुपये गेले. त्यांपैकी सुमारे 78 कोटी रुपये नकली कार्डांच्या साहाय्याने 28 देशांतील एटीएममधून काढले गेले होते. 11 ऑगस्ट हा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुट्टीचा दिवस. तेथे घाला पडला होता बँकेच्या यंत्रणेवर. ग्राहकांच्या खात्यांतील रकमा सुरक्षित राहिल्या. सांगलीच्या हळद बाजारातही काही दिवस दुसरा विषय नव्हता. त्यानंतर तीनच महिन्यांनी, अगदी लहान प्रमाणावर का होईना, परदेशातील एटीएम आमच्या घरातही शिरले.

माझे सासरे, ज्यांना घरात आणि बाजारात सगळेच अण्णा म्हणतात, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. हळदीची अडत पेढी त्यांनी पन्नास वर्षे सांभाळलेली. रोजमेळ जुळल्याशिवाय रात्री जेवायला न बसणारे. पेढीचे हिशेब मी पाहू लागल्यापासून माझ्या प्रत्येक नोंदीखाली त्यांची बारीक खूण असे. 25 नोव्हेंबरच्या रविवारी ते नेहमीप्रमाणे पहाटे पाचला उठले आणि आपला साधा मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. “सूनबाई, हे इंग्रजीत काय आलंय, एवढं वाच बघू,” म्हणाले.

रात्री दोन वाजून चौदा मिनिटांपासून अडीचपर्यंत चार संदेश आले होते. त्यांच्या बचत खात्यातून अमेरिकेतील एका एटीएमवर चार वेळा प्रत्येकी 21,950 रुपये काढले गेले होते. आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली, तेव्हा तिकडे शनिवारची दुपार होती. कार्ड अण्णांच्या पाकिटात, पाकीट उशाशी. वाचून दाखवल्यावर ते एवढेच म्हणाले, “पण मी तर इथंच आहे.”

बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर फोन करून आम्ही प्रथम कार्ड बंद करविले. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ रोजमेळाच्या वहीतच लिहून ठेवली. त्यानंतर घरात चर्चा सुरू झाली. धाकटे दीर म्हणाले, “सत्त्याऐंशी हजार आठशे रुपये आहेत. बुडीत समजू आणि विषय संपवू. पोलीस, बँक करत फिरलो तर उद्या सगळ्या मार्केट यार्डात होईल.” सासूबाईंना वाटत होते की या वयात अण्णांना चौकीची पायरी चढायला लावू नये. दोघांचेही म्हणणे प्रेमापोटीच होते. अण्णा मात्र एक शब्दही बोलले नाहीत, आणि तेच मला अधिक जड गेले.

सोमवारी बँक उघडताच माझे पती, अण्णा आणि मी लेखी अर्ज घेऊन गेलो. तेथील अधिकाऱ्याने संगणकात पाहिले आणि सांगितले, “व्यवहार पिन टाकून झाले आहेत. पिन तुम्हीच कुणाला तरी सांगितला असणार. या वयात होतं असं. नातवंडांना विचारा.” बोलण्याचा सूर सौम्य होता; पण पन्नास वर्षे ज्यांच्या तोंडी शब्दावर लाखोंचा माल उचलला गेला, त्यांच्या शब्दाला त्या खुर्चीत काही किंमत उरली नव्हती. घरी येताच अण्णांनी तिजोरीच्या किल्ल्या माझ्या पतींपुढे ठेवल्या. “आता तुम्हीच बघा,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी माझ्या नोंदींखाली त्यांची खूण नव्हती.

त्या क्षणी रकमेचा प्रश्न दुय्यम झाला. अण्णांचे म्हणणे खरे आहे, हे कागदावर यायला हवे होते.

पिन कुणालाही न सांगता तो चोराला कळतो कसा, हे आम्ही समजून घेतले. तेव्हाच्या अनेक कार्डांवर, अण्णांच्या कार्डावरही, केवळ काळी चुंबकीय पट्टी होती. एटीएमच्या ज्या फटीत आपण कार्ड सरकवतो तिच्यावर चोरटे एक बारीक यंत्र बसवतात. ते पट्टीवरील माहिती उतरवून घेते. वर लपविलेला छोटा कॅमेरा, किंवा आकड्यांच्या कळांवर चिकटवलेला खोटा थर, पिन टिपतो. ती माहिती दुसऱ्या कोऱ्या कार्डावर चढविली की नक्कल तयार. अशी नक्कल चिपचा आग्रह न धरणाऱ्या दूरदेशीच्या यंत्रावर चालविली जाते. चिपची गोष्ट वेगळी. ती प्रत्येक व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते, त्यामुळे तिची नक्कल करणे फार अवघड. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने पट्टीची कार्डे 2018 च्या डिसेंबरअखेर बदलण्यास बँकांना सांगितले होते.

आमच्या कर सल्लागारांनी रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे परिपत्रक काढून दिले. पुढील लढाई त्या कागदाने लढली. त्यातील तत्त्व असे: दोष ग्राहकाचा नाही आणि बँकेचाही नाही, तिऱ्हाइताने लबाडी केली, अशा वेळी बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकावर एका रुपयाचाही भार नाही. चार ते सात दिवसांत कळविल्यास भार मर्यादित; सर्वसाधारण बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजार, तर मोठ्या चालू किंवा कॅश क्रेडिट खात्याला पंचवीस हजार. सात दिवस उलटले की बँकेच्या धोरणावर सोपवायचे. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. तक्रार मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल द्यायचा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे. म्हणजे अण्णांनी आपला प्रामाणिकपणा सिद्ध करायचा नव्हता. शंका घेणाऱ्याने पुरावा द्यायचा होता.

दुसरा अर्ज आम्ही या परिपत्रकाचा हवाला देऊन लिहिला. सोबत पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीची पोच जोडली, आणि एक साधा पुरावाही. शनिवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी अण्णांनी त्याच कार्डाने सांगलीत पाच हजार रुपये काढले होते. ती चिठ्ठी त्यांच्या सवयीप्रमाणे वहीत टाचलेली होती. सात तासांत सांगलीचा माणूस अमेरिकेत कसा पोहोचेल, हा प्रश्न आम्ही अर्जाच्या शेवटी विचारला. प्रत्येक कागदाच्या प्रतीवर बँकेचा शिक्का आणि तारीख घेतली.

नवव्या कामकाजाच्या दिवशी रक्कम तात्पुरती जमा झाली. फेब्रुवारीत ती कायम झाल्याचे पत्र आले. त्यात हे व्यवहार खातेदाराने केलेले नाहीत, असे स्पष्ट लिहिले होते. अण्णांनी पत्र दोनदा वाचून घेतले आणि मग उतारा मागवला. चार रकमा परत आल्या होत्या; परंतु परदेशी व्यवहाराचे शुल्क म्हणून करासह प्रत्येकी 177, असे एकूण 708 रुपये तसेच वजा होते. दीर म्हणाले, “आता एवढ्यासाठी कशाला?” अण्णा म्हणाले, “चोरीवरची दलाली मी का द्यायची?” कित्येक आठवड्यांनंतर त्यांचा तो जुना आवाज आम्ही ऐकला. तिसरा अर्ज त्यांनी स्वतः मराठीत लिहिला आणि ते 708 रुपयेही आले.

त्या दिवसापासून नोंदींखालची खूण परतली. किल्ल्या मात्र त्यांनी पुन्हा घेतल्या नाहीत, आणि चिपचे नवे कार्ड आजही पाकिटासह कपाटात आहे. काही नुकसान भरून येत नाही, हेही लिहिले पाहिजे.

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. बँकेत नोंदविलेला मोबाईल क्रमांक चालू ठेवा आणि घरातील ज्येष्ठांना येणारा संदेश वाचून दाखवणारे कुणीतरी ठरवून ठेवा. 2020 च्या ऑक्टोबरपासून कार्डाचा परदेशातील वापर आपल्याला हवा तेव्हा चालू-बंद करता येतो. परदेश प्रवास नसेल तर तो बंदच असू द्या आणि प्रवासाहून आल्यावर आठवणीने बंद करा. गैरव्यवहार दिसताच आधी बँकेला, मग 1930 या क्रमांकावर किंवा शासनाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर कळवा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

आणि घरातील कुणी म्हणाले की पैसे गेले, तर पहिला प्रश्न ‘पिन कुणाला सांगितलास?’ असा विचारू नका. आपलेच माणूस आपल्याला भिऊन तीन दिवस गप्प बसले, तर कायद्याने दिलेले संरक्षण आपण आपल्याच उंबरठ्यावर घालवून बसतो.