आधी उपकारस्तुती

पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाल्याने उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचाही गेली. नगरच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाला साधं 'पाणी' म्हणता येईना. काय हवंय ते त्यांना कळायचं, शब्द मात्र ओठांवर यायचा नाही. मग चिडून ते डाव्या हाताने ताट लोटून द्यायचे.

चर्चच्या मंडळीतली माणसं प्रेमाने भेटायला यायची. "देव जे करतो ते भल्यासाठीच, बाई," असं काही जण म्हणायचे. मला त्याने धीर यायचा नाही. रात्री दर थोड्या वेळाने कूस बदलून द्यायला उठणाऱ्या लेकीला, वडिलांची वाचा जाण्यात भलं काय, ते कोणी सांगावं?

एकदा प्रार्थनासभा आमच्याच घरी ठेवली. महिला मंडळातल्या एक वयस्कर मावशी ती चालवत होत्या. एरवी आम्ही आधी विनंत्या सांगतो: आजारपण, कर्ज, मुलांच्या नोकऱ्या. मावशी म्हणाल्या, "आज आधी उपकारस्तुतीचे विषय सांगा. पण खरे असतील तेच. सांगायचं म्हणून काही सांगू नका."

माझी पाळी आली. मी म्हटलं, "आज पप्पांनी ठसका न लागता वाटीभर पेज घेतली." त्या दिवशी माझ्याकडे तेवढंच होतं, पण ते खरं होतं.

मग नारायण वामन टिळकांचं एक भजन सुरू झालं. आमच्या घरात ती भजनं आजीपासून चालत आलेली. दुसऱ्या कडव्याला पप्पांचा आवाज उमटला, तोही शब्दांसकट. आम्ही रडतरडतच भजन पूर्ण केलं.

स्पीच थेरपिस्टने नंतर कारण समजावलं. बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याची केंद्रं डावीकडे असतात. गाण्यात मात्र उजवा भागही कामाला लागतो. त्यामुळे बोलता न येणारे काही रुग्ण ओळखीचं गाणं गाऊ शकतात. आम्ही डाव्या हाताने ताल धरायला लावून 'पाणी द्या' सुरात म्हणून घेऊ लागलो. काही शब्द परत आले, पुष्कळसे आलेच नाहीत. उजवा हात अजून तसाच आहे.

त्या काळात मी पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मनात कशाचं चिंतन करावं, याची यादी चौथ्या अध्यायात आहे, आणि ती लिहिणारा स्वतः बंदिवासात होता. यादीत पहिलं स्थान सत्याला आहे. त्याच पत्रात एपफ्रदीत नावाचा सोबती मरणाच्या दारात पोचला होता, हेही पौलाने लपवलेलं नाही. आपलं दुःखही लपवलेलं नाही. ज्या फिलिप्पै शहरातल्या लोकांना हे पत्र गेलं, तिथल्याच तुरुंगात फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना, पौल आणि सीला मध्यरात्री स्तोत्रं गात होते. पाठीवरचे वळ खरे होते आणि गाणंही खरं होतं.

चांगल्याकडे पाहायचं म्हणजे वाइटावर पांघरूण घालायचं नाही, हे मी तिथून शिकले. स्तोत्रसंहितेतही देवापाशी केलेली गाऱ्हाणी भरलेली आहेत. देवाला आपलं रडणं चालतं. पण रोज सगळं दुःखच मोजत बसलं, तर त्याने दिलेली वाटीभर पेज नजरेतून निसटते.

तुमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर "सगळं ठीक आहे" असं मुळीच म्हणू नका. देवाजवळ मनसोक्त गाऱ्हाणं मांडा. मात्र त्याआधी त्या दिवसात घडलेली एक खरी, चांगली गोष्ट शोधा आणि आजारी माणसाला ऐकू जाईल अशी मोठ्याने सांगा. त्या शब्दांची त्यालाही तुमच्याइतकीच गरज आहे.