मोठ्याने विचार करा

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या इंटरव्ह्यूच्या मेलमध्ये एक ओळ हमखास असते : प्रश्न सोडवताना गप्प बसू नका, डोक्यात काय चाललंय ते बोलत राहा. 'थिंक अलाउड' म्हणतात त्याला. वाचायला सोपी वाटते. माझी अडचण एवढीच होती की माझ्या डोक्यात जे चालायचं ते मराठीत चालायचं.

म्हणजे बघा, ॲरेच्या शेवटच्या घरात पोचले की माझ्या मनात 'आता संपलं, मागं फिर' असं येतं. हातचा एक मी मराठीतच धरते. पिशोरच्या शाळेत दहावीपर्यंत सगळं मराठीत, नंतर संभाजीनगरला इंजिनिअरिंग इंग्रजीत. पण इंग्रजी ही पेपर लिहायची भाषा. तिच्यात कधी कुणाशी भांडले नाही, भाजी घेतली नाही, विचार तर लांबच. त्यामुळे इंटरव्ह्यूत मला एका वेळी दोन कामं होती. एक, गणित सोडवायचं. दोन, सोडवता सोडवता त्याचं भाषांतर करायचं. आणि वरून हसरा चेहरा.

कॉलेजच्या कॅम्पस ड्राइव्हमध्ये हे तितकंसं जाणवलं नाही. तिथे आधी दहावी, बारावी, डिग्री असे सगळीकडे साठ टक्के आहेत का ते बघतात, मग ॲप्टिट्यूड, मग कोडिंग. हे सगळं मुक्याने करता येतं. खरी गंमत पुढे, जेव्हा मी घरी राहून बाहेरच्या कंपन्यांना अर्ज करायला लागले तेव्हा. घरच्यांशी ठरलं होतं : एक वर्ष. वर्षात नोकरी लागली तर पुणे, नाही तर पाहुणे बघायला येतील.

तिसऱ्या कंपनीने बायनरी सर्च विचारला. क्रमाने लावलेल्या यादीत एखादी नोंद शोधायची तर मधोमध उघडायचं, हवी ती नोंद पुढे आहे की मागे ते बघायचं, निम्मी यादी सोडून द्यायची, पुन्हा मधोमध. शब्दकोशात आपण असंच शोधतो. दहा लाख नोंदी असल्या तरी विसेक खेपांत सापडते. मी बारा मिनिटांत लिहिला. चालला. दोन दिवसांनी मेल आला : तांत्रिक बाजू ठीक, संवाद कमी पडला.

आबांनी विचारलं, "उत्तर बरोबर होतं ना? मग कामून नाही घेतलं?"

मी म्हटलं, "गप्प बसून सोडवलं म्हणून."

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गणित काय ओरडून सोडवायचं असतं का?"

त्या रात्री मी चिडून या बायनरी सर्चचा इतिहास वाचत बसले. जोशुआ ब्लॉक या मोठ्या प्रोग्रॅमरने 2006 साली जाहीर लिहिलंय की जावाच्या अधिकृत लायब्ररीत त्याने स्वतः लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये बग होता आणि तो सुमारे नऊ वर्षं कुणाच्या लक्षात आला नाही. मधलं घर काढताना दोन टोकांची बेरीज करून दोनने भागायचं, तर यादीत शंभर कोटींच्या वर नोंदी असल्या की ती बेरीजच आकड्याच्या मापात मावत नाही आणि उणे होते. जगभरच्या हुशार डोळ्यांखालून नऊ वर्षं सुटलेली गोष्ट आम्हाला पाऊण तासात, बोलत बोलत लिहायला सांगतात.

डायक्स्ट्राचंही तसंच. दोन गावांमधला सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची त्याची पद्धत इंटरव्ह्यूत सर्रास विचारतात. त्याला ती 1956 साली ॲमस्टरडॅममध्ये सुचली. होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमला होता, कॉफी प्यायला एका कॅफेत बसला आणि वीस मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय, डोक्यातच मांडली. समोर घड्याळ लावून कुणी बसलेलं नव्हतं. (ती होणारी बायको तेवढा वेळ काय करत होती, हा प्रश्न मला अजून पडतो.)

पुढे एक अभ्यास सापडला, 2020 चा, नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांचा. 48 विद्यार्थी. काहींनी परीक्षकासमोर फळ्यावर, बोलत बोलत प्रश्न सोडवला, काहींनी तोच प्रश्न खोलीत एकट्याने. समोर कुणी बसल्यावर कामगिरी निम्म्याहून खाली गेली. परीक्षकासमोरच्या गटातली एकही मुलगी पास झाली नाही, एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या मुली झाल्या. मुली थोड्याच होत्या, त्यामुळे फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण मी त्या रात्री शांत झोपले.

झोपून नोकरी लागत नाही, म्हणून सकाळी सराव सुरू केला. अद्रकीच्या रानात, बांधावर बसून, मोठ्याने. आधी मराठीत, मग तेच इंग्रजीत. शेजारच्या रानातल्या काकूंनी आईला विचारलं, "पोरगी दिवसभर फोनवर कुणाशी बोलती?" आई म्हणाली, "कुणाशीच नाही, तेच तर अवघडे."

सातव्या इंटरव्ह्यूत एलआरयू कॅशे आला. थोडक्यात : जागा कमी आहे, नवीन वस्तू आली तर जिला सगळ्यात जास्त दिवस हात लागला नाही ती बाहेर काढायची. मी बोलायला लागले आणि इंग्रजी संपलं. मग तोडक्यामोडक्या वाक्यांत आईची मांडणी सांगितली. रोजची भांडी पुढे, हात न लागलेली मागे सरकत सरकत शेवटी माळ्यावर. समोरचे सर चेन्नईचे. ते पुढे सरकून बसले. म्हणाले, आणि दिवाळीला सगळी भांडी एकदा घासायला काढली तर?

हा प्रश्न फार चांगला होता. कारण मग रोजची भांडीच माळ्यावर जातात आणि एकदाच लागलेली परात पुढे येऊन बसते. डेटाबेसमध्ये हे खरंच घडतं, कुणी अख्खं टेबल एकदा वाचून काढलं की. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत यावर तोड आहे : नवीन आलेलं पान थेट पुढे ठेवत नाहीत, रांगेच्या मधेच ठेवतात, पुन्हा हात लागला तरच पुढे. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. मी एवढंच म्हटलं की आई दिवाळीची भांडी वेगळी पालथी घालते, मांडणीला लावत नाही. सर हसले आणि 'तेच लिही' म्हणाले.

पगाराच्या फेरीत 'तुमची अपेक्षा काय' विचारलं तेव्हा आबा दाराआड उभे होते. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करणारा माणूस. त्यांनी मान हलवून सांगितलं : आधी आकडा आपण बोलायचा नाही. मी नाही बोलले. त्यांनी बोललेला आकडा माझ्या मनातल्यापेक्षा जास्त होता.

आता पुण्यात तीन वर्षं झाली आणि इंटरव्ह्यू घ्यायची पाळी माझ्यावर आली आहे. फॉर्ममध्ये 'संवाद' असा रकाना आहे, एक ते पाच. तो काढून टाकणं माझ्या हातात नाही. पहिली दहा मिनिटं कशी द्यायची, ते आहे. मी प्रश्न देते, सांगते की कॅमेरा आणि माइक बंद करा, हव्या त्या भाषेत विचार करा, मी चहा घेऊन येते.

परवा बीडचा एक मुलगा होता. मी कप घेऊन परत आले, स्क्रीन काळीच. सातव्या मिनिटाला माइक सुरू झाला.

"मॅम, झालंय. सांगू का?"