राखलेला पांढरा

भर पावसाळ्यात पौड मागे पडलं, की ताम्हिणी घाटाची वाट आधी मुळशीच्या जलाशयाला बिलगून चालते. या संथ पाण्याखाली गावं आहेत, भातखाचरं आहेत. ती वाचवायला १९२१ साली सेनापती बापटांसोबत मावळातले शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले होते. ते पाणी कागदावर उतरवताना कुंचला आपोआप हळुवार होतो.

पुढे कडे सुरू होतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर ओतत गेला; कड्यांवरच्या आडव्या रेघा त्याच्याच. कठीण थर उभा, काळाभोर. ठिसूळ थर उतरता आणि म्हणून हिरवा. काळं, हिरवं, पुन्हा काळं. चित्राची बांधणी डोंगराने आधीच करून ठेवलेली असते.

आणि मग ढग येतो. समुद्रावरचा वारा या भिंतीला थडकतो, वर चढता चढता गारठतो, आणि वळणापलीकडचं सगळं पुसून टाकतो. क्षणात एखादं शिखर उघडतं, कातळावरून कोसळणारी शुभ्र धार दिसते, पुन्हा सारं मिटतं. गाडी कडेला घेऊन, पाठ वाऱ्याकडे करून, मी वही उघडते.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत; पांढरा म्हणजे कोरा कागद. धबधबा हवा तर त्याच्या दोन्ही अंगांचा कातळ रंगवायचा. धुकं हवं तर ओल्या कागदावर निळा-करडा सोडायचा आणि हात आवरायचा. तो पसरतो, विरतो, थांबतो. त्या वेळी चित्र माझं उरत नाही, पाण्याचं होतं. त्याच्यापुढे मनोमन हात जोडले जातात.

मुळशीच्या डोंगरांत हा संयम चित्रकारांच्या फार आधीपासून आहे. इथल्या गावांनी देवाच्या नावाने रानाचे तुकडे राखले; त्या देवरायांत कुऱ्हाड चालवू नये, वाळली काटकीही उचलू नये, अशी जुनी रीत. आसपासचा डोंगर उघडा पडला, तरी तिथे जुने वृक्ष उभे राहिले, झरे वाहते राहिले. कागदावरचा पांढरा आणि डोंगरावरची देवराई, दोन्हींना हात न लावण्यातच भक्ती आहे. घाटाचं चित्र काढू पाहणाऱ्याने ती आधी शिकावी. रंग मग शिकता येतात.