बांगडीतली पिन

आईच्या बांगडीत दोन-तीन सेफ्टी पिना नेहमी लोंबत असत. एम. ए. झाल्यावर तर मी त्यांची फारच थट्टा करीत असे. मुलाखतीच्या दिवशी ऐन दारात चपलेचा अंगठा तुटला. आईने मुकाट्याने पिन काढून तो सांधून दिला. प्राध्यापकी मिळाली, ती त्या पिनेच्या आधाराने!

१८४९ साली वॉल्टर हंट या अमेरिकन गृहस्थाने ही पिन शोधली आणि तिचे हक्क अवघ्या ४०० डॉलरला विकून टाकले. त्याला तिची किंमत कळली नाही. मलाही कुठे कळली होती?

आई गेल्यावर बांगड्या बहिणीकडे गेल्या. पिना मी मागून घेतल्या. परवा वर्गात एका विद्यार्थिनीच्या पिशवीचा बंद तुटला. खिशातली शेवटची पिन मी तिला दिली.

"सर, परत केव्हा आणून देऊ?"

"नको. बांगडीत अडकवून ठेव."