पुढच्या स्टेशनवर, इंडिकेटरखाली

आई-बाबांना लंडन दाखवायचं ठरलं तेव्हा मी ऑफिसातल्या प्रोजेक्टसारखी चक्क एक्सेल शीट बनवली. आठ दिवस, पाच माणसं: मी, बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि आई-बाबा. रोज टॅक्सी परवडणार नव्हती, म्हणून सगळी भिस्त ट्यूबवर. १८६३ साली सुरू झालेली ही जगातली पहिली भुयारी रेल्वे. दीडशे वर्षांहून जास्त काळ ती अख्ख्या लंडनला सांभाळतेय, आम्हा पाच जणांना नाही सांभाळणार?

शीट पहिल्याच दिवशी गेटपाशी कोसळली. तिथे कार्ड टेकवायचं की फाटक उघडतं. मी आत गेलो आणि तेच कार्ड मागे बाबांच्या हातात दिलं. फाटक ढिम्म! एका कार्डावर एकच माणूस, आणि बाहेर पडतानाही तेच कार्ड, असा नियम. बाबा दोन पावलं मागे सरकले. चौतीस वर्षं खिशात पास ठेवून डोंबिवली-व्हीटी केलेला माणूस तो. "मला विदाऊट नेत होतास?" त्यांचा आवाज असा, की मी आता त्यांना दरोड्यातच घेणार होतो. शेवटी चौघांना चार कार्डं केली. अकरा वर्षांच्या आतली मुलं फुकट, त्यामुळे चिरंजीव तेवढे कॉलर ताठ करून आत गेले.

सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं आणि डावी बाजू घाईवाल्यांना सोडायची असते. आई दोन पिशव्या घेऊन बरोब्बर डावीकडे उभी! मागून 'एक्स्क्यूज मी'ची रांगच लागली. आई प्रत्येकाकडे वळून प्रसन्न हसत होती. वर पोचल्यावर म्हणते, "किती अगत्याने बोलतात रे इथले लोक!"

दुसऱ्या दिवशी माती मी खाल्ली. वेस्टमिन्स्टरहून टॉवर ऑफ लंडनला जायचं, तर मी सगळ्यांना उलट्या दिशेच्या गाडीत बसवलं. चूक लक्षात आल्यावर रुबाबात म्हणालो, "घाबरू नका, ही सर्कल लाइन आहे. बसून राहायचं, गोल फिरून येईल." आईने लगेच दशम्यांचा डबा काढला. एजवेअर रोड आलं आणि सगळा डबा रिकामा झाला. (दशम्यांचा नव्हे, गाडीचा!) डिसेंबर २००९ पासून सर्कल लाइन गोल फिरतच नाही, गाडी तिथेच संपते. नकाशात ते स्पष्ट दिसतं. मी बघितलं नव्हतं. बाबा एका अक्षराने बोलले नाहीत. पुढचं सगळं आठवताना मला तेच जास्त लागतं.

चौथ्या दिवसाच्या रकान्यात बाबांनी स्वतःहून घातलेली एकमेव ओळ होती: १०, किंग हेन्रीज रोड. लंडनमध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. जवळचं स्टेशन चॉक फार्म, नॉर्दर्न लाइनवर.

लेस्टर स्क्वेअरला लाइन बदलली. बाबा चष्मा कपाळावर चढवून नकाशासमोर उभे. "अरे, ही लाइन पुढे दोन फाट्यांनी जाते. आपण कुठली धरायची?"

उन्हात दोन तास हिंडलो होतो, मुलगा किरकिरत होता, आईचे गुडघे बोलायला लागले होते. मी जवळजवळ ओरडलोच, "बाबा, प्लीज! इथे डोकं चालवू नका. येईल ती गाडी पकडायची, बस्स!"

बाबा गप्प झाले. गाडी आली. येईल ती पकडायची असं मीच सांगितलेलं, आणि अंगात मुरलेली डोंबिवली... जागा धरायला बाबा सगळ्यांच्या आधी आत. आम्ही आईच्या पिशव्या गोळा करेपर्यंत दारं बंद! काचेपलीकडे बाबा, अलीकडे आम्ही चौघं. त्यांचा फोन आईच्या पर्समध्ये. गाडी बोगद्यात गेली.

आई मटकन बाकावर बसली. बायको म्हणाली, "कुणाला तरी सांगू या." मला मात्र दादर आठवलं. मी सात वर्षांचा असताना तिथल्या गर्दीत बाबांचा हात सुटला होता. त्या दिवसापासून घरात नियमच झाला, आणि बाबा तो माझ्याकडून पाठ म्हणून घ्यायचे: चुकामूक झाली तर घाबरायचं नाही, पुढच्या स्टेशनवर उतरायचं आणि इंडिकेटरखाली थांबायचं. इकडेतिकडे जायचं नाही.

दोन-तीन मिनिटांत दुसरी गाडी आली. टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरलो. गर्दीच्या डोक्यांवरून मी फलाटावरचा बोर्ड शोधला. त्याच्या अगदी खाली, पाठीला हात बांधून, बाबा.

"इतका वेळ?" एवढंच म्हणाले. मग मला बाजूला घेतलं. "मी चढलो ती हाय बार्नेटची होती. आपल्याला एजवेअरवाली पाहिजे. हे कॅमडेन टाऊन बघ, म्हणजे आपलं कल्याण. इकडे कर्जत, तिकडे कसारा. तुला तेच विचारत होतो."

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात एजवेअरची गाडी आली. "आधी तुम्ही सगळे चढा," बाबा म्हणाले आणि स्वतः शेवटी आले. सॉरी मी गाडीत म्हटलं. ते खिडकीबाहेर बघत होते. बोगद्यात बघण्यासारखं काही नसतं.

चॉक फार्महून चालत घरापाशी पोचलो. दर्शनी भिंतीवर बाबासाहेबांच्या नावाची पाटी आहे. बाबांनी टोपी काढली आणि ते बराच वेळ तसेच उभे राहिले. तेवढ्या वेळात नातूसुद्धा किरकिरला नाही.

परत निघताना मी नकाशा बाबांच्या हातात दिला आणि शीट बंद केली. उरलेल्या चार दिवसांत आम्ही आणखी दोनदा चुकलो. पण आता आईसुद्धा घाबरत नव्हती. ती आरामात पुढच्या स्टेशनवर उतरायची आणि इंडिकेटरखाली डबा उघडायची.