पडद्यावरचा टक्का

क्रिकेट दाखवणारी चॅनेलं सट्ट्याचा भाव दाखवतात का, यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. आपल्याकडे दाखवत नाहीत. कायदाच आडवा येतो. पण ‘जिंकण्याची शक्यता’ सामनाभर पडद्यावर झळकत असते आणि पाहणारे तिलाच भाव समजतात. 29 जून 2024 चा टी-20 विश्वचषकाचा ब्रिजटाऊनचा अंतिम सामना घ्या. दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या होत्या, सहा गडी शिल्लक होते आणि त्यांचा फलंदाज क्लासेन भारताच्या गोलंदाजीवर तुटून पडला होता. आफ्रिकेच्या विजयाचे अंदाज नव्वदीपार गेले. भारत 7 धावांनी जिंकला. ‘कॉम्प्युटर तोंडावर आपटला’ आणि ‘सामना आधीच ठरला होता’ हे दोन शेरे त्यावर अजून ऐकू येतात, आणि दोन्ही चुकीचे आहेत. 95 टक्के म्हणजे तशा वीस सामन्यांतला सरासरी एक फिरणार. आयपीएलच्या 74 सामन्यांत असे तीन-चार निकाल लागणं हे गणित बरोबर असल्याचं लक्षण आहे. सांख्यिकी शिकवणाऱ्याने हे किती वेळा सांगायचं!

भावाची गोष्ट वेगळी. फेवरेटचा भाव 45-47 पुकारला, असं समजा. 45 पैशांनी ‘लावलं’ तर 100 रुपयांवर 45 सुटतात. म्हणजे तो संघ 68.97 टक्के वेळा जिंकला तरच हिशेब बरोबरीत. 47 पैशांनी ‘खाल्लं’ तर 100 मिळवायला 47 पणाला लागतात. इथे तो संघ 31.97 टक्के वेळा हरायला हवा. बेरीज 100.94. शंभरावरचा हा तुकडा बुकीचा. शक्यतांची बेरीज नेमकी 100 होते, भावांची होत नाही. शिवाय पैसा ज्या बाजूला पडेल तसा भाव हलतो. पडद्यावरचा टक्का मात्र जुन्या सामन्यांच्या नोंदींवरून काढलेला असतो. त्यात प्रक्षेपण मागे असतं. नांदूरघाटसारख्या गावात मोबाइलवर दिसणारा चेंडू मैदानात काही सेकंद आधीच पडून गेलेला असतो. तो टक्का पाहून पैसे लावणारा पोरगा शिळ्या माहितीवर लावतो, आणि हे त्याला कुणी सांगत नाही. माझा राग त्यावर आहे.

माहिती दिली म्हणून सट्टा वाढतो का, असा आक्षेप येईल. ही भीती पोकळ नाही; अमेरिकेकडे पाहा. 14 मे 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथे सट्टा राज्याराज्यांत खुला झाला आणि भाव थेट प्रक्षेपणात आले. विद्यापीठांच्या सामन्यांत तर एकोणीस-वीस वर्षांच्या खेळाडूच्या वैयक्तिक कामगिरीवर पैसे लागू लागले. ते बंद करा, अशी मागणी महाविद्यालयीन क्रीडासंस्थेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी 2024 मध्ये केली. आपल्याकडे ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग प्रश्न उरतो कुठे, असंही म्हणतील. पण सट्टा बेकायदा असतानाच इथे मुरला. सट्ट्याच्या कंपन्या ‘न्यूज’चं नाव लावून जाहिराती करत होत्या म्हणून 2022 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाला चॅनेलांना ताकीद द्यावी लागली. टक्का काढून टाका, असं मी म्हणत नाही. तो खेळ समजायला मदत करतो. तो किती सामन्यांवरून काढला आणि तशा स्थितीतून शंभरात किती सामने फिरले, एवढ्या दोन ओळी त्याच्याखाली हव्यात. धावफलकाच्या पट्टीत तेवढी जागा असते.